अमेरिकेची मिडटर्म २०२२: कोण किती जागा घेणार, आणि त्यानंतर एखादा तरी कायदा होणार का?

हडसनकाठ | २६ ऑक्टोबर २०२२, रात्री ९.४०

मिडटर्म म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावरची काँग्रेसची (संसदेची) निवडणूक. मतदान ८ नोव्हेंबरला. खालच्या सभागृहाच्या, म्हणजे हाउसच्या, सगळ्या ४३५ जागा (बहुमत २१८ ला), वरच्या, म्हणजे सिनेटच्या, ३५, शिवाय ३६ राज्यांचे गव्हर्नर. बातम्या बघून डोकं उठलंय. एका चॅनलवर लाल (रिपब्लिकनांची) लाट येतेय, दुसऱ्यावर लोकशाही बुडतेय. म्हणून इथल्या जाणकारांना दोनच प्रश्न.

१) हाउसमध्ये रिपब्लिकन किती जागांवर थांबतील?
२) हाउस बायडन यांच्या डेमोक्रॅट्सच्या हातातून गेलं, तर पुढची दोन वर्षं कायद्यांचं काम ठप्प होणार का?

माझं मत, ठप्प. सिनेट ५०-५० असूनही गेल्या दोन वर्षांत पायाभूत सुविधांचा कायदा झाला, बंदुकांवरचा झाला, कॉम्प्युटर चिप्सचा झाला, ऑगस्टमध्ये हवामान आणि औषधांच्या किमतींचा आयआरए झाला. सभापती पेलोसीबाईंनी पाच-सहा मतांच्या आधिक्यावर हाउस मुठीत ठेवलं म्हणून हे जमलं. हे आता विसरा.

माझा स्वार्थही सांगून टाकतो. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांची दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा हटवणारं ईगल बिल एप्रिलमध्ये ज्युडिशिअरी कमिटीतून बाहेर आलं आणि तेव्हापासून पडून आहे. जानेवारीत नवी काँग्रेस बसली की अशी सगळी बिलं रद्दीत जातात, पुन्हा श्रीगणेशा.

चिंचगूळ | २६ ऑक्टोबर, रात्री ९.५८

रुमाल टाकून ठेवतेय. वाचणार.

सांख्यिकी_शिवराम | २६ ऑक्टोबर, रात्री ११.०५

पहिल्या प्रश्नाचं बघू.

दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने मिडटर्मला हाउसच्या जागा वाढवल्या त्या फक्त दोनदा. १९९८ ला क्लिंटनवर महाभियोगाचा घाट घातला तो रिपब्लिकनांच्याच अंगाशी आला, आणि २००२ ला ९/११ नंतरचं वातावरण होतं. बाकी दर वेळी मार. १९९४ ला पन्नासहून जास्त, २०१० ला ६३, २०१८ ला चाळीसच्या आसपास. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपचा जुना हिशोब सांगतो की राष्ट्राध्यक्षाची पसंती ५० टक्क्यांखाली असली की सरासरी ३७ जागा जातात. बायडन चाळिशीच्या जरासे वर आहेत.

पण ही सरासरी डोळे मिटून लावू नका. २०१० ला डेमोक्रॅट्सकडे अडीचशेहून जास्त जागा होत्या आणि त्यातले पन्नासेक मतदारसंघ असे, की जिथे दोनच वर्षांपूर्वी रिपब्लिकन मॅकेन जिंकला होता. त्या जागा उसन्याच होत्या, परत गेल्या. या वेळी ट्रम्प जिंकलेल्या भागात बसलेले डेमोक्रॅट हाताच्या बोटांवर मोजता येतील. २०२० लाच त्यांच्या बऱ्याच जागा गेल्या, त्यामुळे आता गमावण्यासारखं कमी उरलंय.

माझा आकडा २३१. सिनेट सांगता येत नाही. तिथे पणाला लागलेल्या जागांत रिपब्लिकनांच्या २१ आहेत आणि डेमोक्रॅट्सच्या १४, म्हणजे नकाशा डेमोक्रॅट्सना बरा आहे.

घाटमाथा | २७ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

शिवरामपंत, कागदावरची गणितं बाजूला ठेवा आणि टेक्ससमध्ये येऊन लोकांशी बोला. जूनमध्ये महागाई ९.१ टक्के, पेट्रोल गॅलनला ५ डॉलर. सीमेवर काय चाललंय ते तुमची चॅनलं दाखवत नाहीत. माझ्या शेजाऱ्याने आयुष्यभर डेमोक्रॅट्सना मत दिलं, तो या वेळी फिरलाय.

२४५. लिहून ठेवा.

आणि हडसनकाठ, कायदे ठप्प झाले तर बरंच आहे की! दोन वर्षांत एवढे पैसे उधळले, जरा श्वास घेऊ द्या.

पाटावरवंटा | २७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३० (पुणे)

एक भाबडा प्रश्न. दर दोन वर्षांनी सगळंच्या सगळं हाउस नव्याने निवडायचं, तर ही माणसं काम करतात कधी? निवडून यायचं, हार घालून घ्यायचे, की लगेच पुढच्या निवडणुकीची वर्गणी.

हडसनकाठ | २७ ऑक्टोबर, रात्री ८.१५

पाटावरवंटा, बरोब्बर ओळखलंत. म्हणूनच मोठे कायदे बहुतेक पहिल्या दीड वर्षात होतात, नाहीतर थेट निवडणूक झाल्यावर, नवे लोक यायच्या आधीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. त्या दोन महिन्यांना इथे लेम डक म्हणतात. हरलेले, निवृत्त होणारे, सगळे मतदानाला असतात आणि कुणालाच मतदारांची भीती उरलेली नसते.

खाडीपलीकडे | २७ ऑक्टोबर, रात्री १०.४४

मी काल मत दिलं, घरच्या डायनिंग टेबलावर बसून. कॅलिफोर्नियात मतपत्रिका सगळ्यांच्या घरी पोस्टाने येते. सोबत मतदार-माहितीचं जाडजूड पुस्तक. या वेळी सात प्रस्ताव आहेत. दोन जुगाराचे, एक डायलिसिस केंद्रांचा, एक सुगंधी तंबाखूचा. नवरा आणि मी भांडत भांडत रात्री साडेअकराला पाकिटावर सही केली. (डायलिसिसचा प्रस्ताव गेल्या दोन्ही निवडणुकांत येऊन पडलाय, तरी तिसऱ्यांदा आहेच.)

त्यातला पहिला प्रस्ताव गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायचा. घाटमाथा, तुमच्या हिशोबात हे धरलंय का? जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा जुना रो निकाल फिरवला. ऑगस्टमध्ये कॅन्सससारख्या लालभडक राज्यात सार्वमत झालं आणि ५९ विरुद्ध ४१ ने गर्भपाताचा हक्क राहिला. तिथे मतदान करायला आलेल्या बायका पोलवाल्यांच्या फोनला उत्तर देत बसल्या नव्हत्या.

२१९.

घाटमाथा | २७ ऑक्टोबर, रात्री ११.१०

२१९ म्हणजे एक मत जास्त! बाई, जरा दिवे घ्या आणि दुसरा आकडा सांगा.

पाटावरवंटा | २८ ऑक्टोबर, सकाळी ९.०५ (पुणे)

स्पर्धाच लावा ना राव. मला काही कळत नाही, तरी २२३. आमच्या जुन्या वाड्याचा घर क्रमांक.

हडसनकाठ | २८ ऑक्टोबर, सकाळी ८.००

ठरलं. शिवराम २३१, घाटमाथा २४५, खाडीपलीकडे २१९, पाटावरवंटा २२३, मी २३५. सगळ्यात जवळ येणाऱ्याला माझ्याकडून न्यू जर्सीतल्या एडिसनला मिसळ. दोन पाव जास्त.

तात्या_मिशिगन | २९ ऑक्टोबर, दुपारी २.२६

मिसळ बाजूला ठेवा, मूळ धाग्याला दुसरा प्रश्नही आहे. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही म्हणून हा म्हातारा लिहितो.

मी १९७१ साली इथे आलो. येऊ शकलो ते १९६५ च्या कायद्यामुळे. त्याआधी भारतीयांना वर्षाला शंभर जणांच्या आसपास कोटा होता. तो कायदा झाला तेव्हा जॉन्सन राष्ट्राध्यक्ष आणि दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅट्सचं दांडगं बहुमत. पुढच्याच वर्षीच्या मिडटर्मला त्यांच्या हाउसच्या ४७ जागा गेल्या आणि तो झपाटा संपला. तेव्हा बहुमत असेल तोवरच कामं उरकून घ्यावीत हे हडसनकाठ यांचं म्हणणं मला पटतं.

दुपारचा_चहा | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.५२

तात्या, आदर राखून असहमती.

आज इथे जे हजारो मराठी लोक एच-१बी च्या नोकरी-व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, त्यांचं आयुष्य कुठल्या कायद्यांवर उभं आहे? एक १९९० चा. आजचा एच-१बी त्यातून आला, नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा वर्षाला १,४०,००० चा आकडा त्यातून आला. तेव्हा थोरले बुश व्हाइट हाउसमध्ये आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे. शिवाय बिल मंजूर झालं मिडटर्मच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या शेवटी. बुश यांची सही झाली मतदानानंतर.

दुसरा २००० चा. सहा वर्षं संपल्यावरही ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर एच-१बी वाढवून मिळतो ना, तो त्या कायद्यामुळे. तो नसता तर आपल्यातले अर्धेअधिक कधीच सामान बांधून परत गेले असते. तेव्हा क्लिंटन राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस रिपब्लिकनांची. सिनेटमध्ये ९६ विरुद्ध १, हाउसमध्ये त्याच दिवशी आवाजी मतदान.

आता एकाच पक्षाकडे सगळं होतं ती वर्षं बघा. २००९-१०, ओबामा, हाउसमध्ये अडीचशेच्या वर आणि सिनेटमध्ये काही महिने ६०. स्थलांतरावर काय झालं? लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्यांना राहू देणारा ड्रीम ॲक्ट डिसेंबर २०१० मध्ये सिनेटात ५५ मतं घेऊन पडला, कारण तिथे चर्चा थांबवून बिल पुढे न्यायलाच १०० पैकी ६० लागतात. २०१७-१८, ट्रम्प, शून्य. २०२१-२२, बायडन, आजपर्यंत शून्य.

येलचे डेव्हिड मेह्यू यांनी तर १९९१ मध्येच हिशोब मांडला होता. १९४६ पासूनचे महत्त्वाचे कायदे मोजले, तर सत्ता विभागलेली असताना आणि एकाच पक्षाकडे असताना फारसा फरक दिसत नाही.

सांख्यिकी_शिवराम | २९ ऑक्टोबर, रात्री ९.१५

चहा, मेह्यूचा अभ्यास ज्या काळाचा आहे त्या काळात दक्षिणेतले पुराणमतवादी डेमोक्रॅट आणि ईशान्येतले उदार रिपब्लिकन अशी सरमिसळ होती. राष्ट्राध्यक्षाला समोरच्या पक्षातून मतं फोडता यायची. ती जमातच आता संपली. १९९० चं उदाहरण २०२३ ला लावणं धोक्याचं.

दुपारचा_चहा | २९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

मान्य, सरमिसळ संपली. पण सिनेटचे ६० संपले का? एका पक्षाकडे ६० असणं आता जवळजवळ अशक्य. म्हणजे पैशांशी संबंध नसलेलं कुठलंही बिल दोन्ही पक्षांशिवाय होतच नाही, हाउस कुणाचंही असो. आयआरए ५१ मतांवर झाला तो बजेटच्या खास वाटेने. स्थलांतर त्या वाटेने न्यायचा प्रयत्न गेल्या वर्षी केला होताच, सिनेटच्या नियम सांगणाऱ्या अधिकारी (पार्लमेंटेरियन) बाईंनी तीन वेळा नाही म्हटलं.

नंदू_डॅलस | ३० ऑक्टोबर, सकाळी १०.३०

चहा साहेब, एक राहिलं. अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांचा २०,००० चा वेगळा एच-१बी कोटा. माझा नंबर त्यातूनच लागला. तो २००४ च्या कायद्यातला, आणि तेव्हा व्हाइट हाउस, हाउस, सिनेट सगळं रिपब्लिकनांकडे होतं.

दुपारचा_चहा | ३० ऑक्टोबर, सकाळी ११.१२

नंदू, आला कशातून ते पण सांगा की. निवडणूक झाल्यावर, डिसेंबरमध्ये, सरकारी खर्चाच्या गलेलठ्ठ बिलात गुंडाळून. स्वतंत्र बिल म्हणून आलं असतं तर तुम्ही आज डॅलसऐवजी हिंजवडीत असता.

नंदू_डॅलस | ३० ऑक्टोबर, सकाळी ११.२०

हिंजवडीचा ट्रॅफिक आठवून अंगावर काटा आला. बिलात गुंडाळणाऱ्याला दंडवत.

सीमेवरचा_बेळगावकर | ५ नोव्हेंबर, रात्री ८.००

एवढं सगळं लिहिलं आणि आमच्या माणसाचं नाव कुणी घेतलं नाही. श्री ठाणेदार! जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, मुंबई विद्यापीठातून एमएस्सी, मग ॲक्रनला पीएचडी. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) तिसरे आले, २०२० ला राज्याच्या विधानसभेत गेले, आणि आता डेट्रॉइटच्या मतदारसंघातून हाउसमध्ये चाललेत. ऑगस्टची प्रायमरी जिंकली तिथेच निकाल लागला, तो मतदारसंघ डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला.

तात्या_मिशिगन | ५ नोव्हेंबर, रात्री ८.४७

खरं आहे. २०१८ ला टीव्हीवर त्यांच्या जाहिराती इतक्या लागायच्या की आमच्या नातवंडांना पाठ झाल्या होत्या. गव्हर्नरपद नाही मिळालं, पण नाव घराघरांत गेलं.

पाटावरवंटा | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.१० (पुणे)

म्हणजे पहिला मराठी बोलणारा खासदार वॉशिंग्टनला पोचणार आणि तो कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा यावर इथे पाचशे प्रतिसाद पडणार.

सीमेवरचा_बेळगावकर | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.१४

बेळगावचा! पुढे बोलू नका.

हडसनकाठ | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.००

हात जोडतो, सीमाप्रश्न या धाग्यावर नको.

सांख्यिकी_शिवराम | ८ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

निवडणुकांचे अंदाज बांधणाऱ्या फाइव्हथर्टीएटचं शेवटचं गणित: हाउस रिपब्लिकनांकडे जायची शक्यता ८४ टक्के, सिनेट ५९ टक्के. कुणी ५९ टक्के म्हणजे "जिंकणार" असं वाचू नका. दहातून चार वेळा उलटं होईल, असा त्याचा अर्थ.

घाटमाथा | ८ नोव्हेंबर, रात्री ९.१५

फ्लोरिडा!!! रिपब्लिकन गव्हर्नर डिसँटिस जवळपास वीस टक्क्यांनी! मायामी-डेडसुद्धा लाल! सुरुवात झाली!

खाडीपलीकडे | ८ नोव्हेंबर, रात्री ११.५५

फ्लोरिडाच्या बाहेर लाट कुठे आहे? व्हर्जिनियात डेमोक्रॅट स्पॅनबर्गर वाचली.

हडसनकाठ | ९ नोव्हेंबर, पहाटे १.२०

पेनसिल्व्हेनिया डेमोक्रॅट फेटरमनला. सिनेटची रिपब्लिकनांची एक जागा गेली. मी झोपतो, सकाळी मीटिंग आहे.

पाटावरवंटा | ९ नोव्हेंबर, दुपारी ४.०० (पुणे)

इथे दुपार झाली, तिथे सकाळ झाली, तरी हाउस कुणाचं हेच माहीत नाही? आपल्याकडे दुपारी बारापर्यंत गुलाल उधळून होतो. एवढा श्रीमंत देश आणि मोजता येत नाही?

खाडीपलीकडे | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

आपल्याकडे मोजणी एका दिवशी, एका आयोगाच्या हाताखाली. इथे निवडणूक काउंटी (जिल्हा) घेते, आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात पाकिटावर मतदानाच्या दिवसाचा पोस्टाचा शिक्का असला की ते नंतर सात दिवसांपर्यंत पोचलं तरी चालतं. आलं की आधी पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी जुळवतात. जुळली नाही तर मतदाराला पत्र जातं, बाबा तूच का तो. माझ्या सासूबाईंना २०२० ला असं पत्र आलं होतं. हात कापतो म्हणून सही बदलली होती. त्यांनी नव्याने सही करून पाठवली, मग मत मोजलं. हे सगळं एका दुपारी कसं होईल?

घाटमाथा | १० नोव्हेंबर, सकाळी ७.००

फ्लोरिडात होतं. लोकसंख्या सव्वादोन कोटी, पोस्टाची मतं तिथेही असतात. पण मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत पोचलं पाहिजे असा नियम आहे आणि आधी आलेली मतं आधीच तपासून ठेवतात. इच्छा असली की होतं.

खाडीपलीकडे | १० नोव्हेंबर, सकाळी ७.४०

यावर मात्र घाटमाथांशी सहमत. तारीख नोंदवून ठेवा.

हडसनकाठ | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

काल रात्री २१८ वा आकडा लागला. हाउस रिपब्लिकनांचं, सिनेट डेमोक्रॅट्सकडेच. बाकीच्या जागा धरून २२२ च्या आसपास थांबेल असं दिसतं.

हडसनकाठ | १३ डिसेंबर, रात्री ८.२०

अंतिम आकडा २२२-२१३. मिसळ जिंकले पाटावरवंटा. पुण्यात बसून एडिसनची मिसळ कशी खाणार ते त्यांनी ठरवावं.

पाटावरवंटा | १४ डिसेंबर, सकाळी ९.३० (पुणे)

वाड्याची पुण्याई! मिसळीचे पैसे इकडे पाठवा, आमच्या इथे जास्त चांगली मिळते.

घाटमाथा | १४ डिसेंबर, सकाळी ८.१०

देशभरातली हाउसची मतं मोजा. रिपब्लिकन तीनेक टक्क्यांनी पुढे आहेत. मतं आली, पण नको तिथे आली.

सांख्यिकी_शिवराम | १४ डिसेंबर, सकाळी ९.४५

घाटमाथा यांचा मुद्दा टाकाऊ नाही. न्यू यॉर्कचंच बघा. डेमोक्रॅट्सनी मतदारसंघांचा स्वतःच्या सोयीचा नकाशा काढला, राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो फेकून दिला, तज्ज्ञाकडून नवा काढून घेतला. त्या राज्यात रिपब्लिकनांनी चार जागा हिसकावल्या. हाउसच्या प्रचाराची सूत्रं सांभाळणारे डेमोक्रॅट मलोनी स्वतः तिथे पडले. एका राज्याच्या कोर्टाचा निकाल अख्ख्या हाउसच्या पारड्यात किती वजनदार ठरला बघा. उलट बाजूला, वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघात गॅरेज चालवणाऱ्या डेमोक्रॅट बाई निवडून आल्या. फाइव्हथर्टीएटने त्यांना २ टक्के दिले होते. कोलोरॅडोत रिपब्लिकन बोबर्टबाई ५४६ मतांनी वाचल्या.

आज्जी_अटलांटा | १४ डिसेंबर, रात्री ९.००

तुमचे आकडे चालू द्या, मी प्रत्यक्ष केंद्रावरचं सांगते. निवृत्त झाल्यापासून मतदान केंद्रावर काम करते. जॉर्जियात ५० टक्के मिळाले नाहीत तर पुन्हा निवडणूक, म्हणून ६ डिसेंबरला सिनेटसाठी डेमोक्रॅट वॉर्नॉक विरुद्ध रिपब्लिकन वॉकरची दुसरी फेरी झाली. शाळेच्या जिममध्ये आमचं केंद्र. माणूस येतो, ओळखपत्र दाखवतो, त्याला कार्ड देतो, तो पडद्यावर बोट लावून मत देतो, मग मशीनमधून कागद छापून येतो. तो कागद वाचून स्कॅनरमध्ये घालायचा. निम्मे लोक वाचत नाहीत, दोन-चार तर कागद घडी करून खिशात घालून दाराकडे निघतात, मग मी मागे धावते. माझं काम तेवढंच, धावणं आणि पीच फळाचं चित्र असलेलं स्टिकर देणं. एका छोट्या मुलाने आईचं स्टिकर स्वतःच्या कपाळावर लावलं.

वॉर्नॉक जिंकले. सिनेट ५१-४९.

पाटावरवंटा | १५ डिसेंबर, सकाळी ७.३० (पुणे)

आज्जी, कपाळावर स्टिकर म्हणजे बोटावरच्या शाईच्याही वरचढ झालं.

हडसनकाठ | १६ डिसेंबर, रात्री १०.१५

ईगल बिल गेलं. हाउसमध्ये मतदानाला घेणार म्हणून यादीत होतं, व्हाइट हाउसने पाठिंब्याचं निवेदन काढलं होतं, आणि ऐन वेळी मागे घेतलं. पुरेशी मतं नाहीत. डेमोक्रॅट्सचं बहुमत असताना, डेमोक्रॅट्सच्या शेवटच्या पंधरवड्यात! त्यात डिसेंबरच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या तारखेपर्यंतच्या फाइलींचा नंबर आला ते सांगणाऱ्या मासिक पत्रकात) ईबी-२ या नोकरीवरच्या ग्रीन कार्ड गटाची भारतीयांसाठीची तारीख मागे सरकून ऑक्टोबर २०११ वर आलीय. माझी फाइल २०१४ ची.

दुपारचा_चहा | १६ डिसेंबर, रात्री १०.५०

वाईट वाटलं, मनापासून. तरीही विचारतो, हे रिपब्लिकनांनी पाडलं का? २०१९ ला याचंच आधीचं रूप हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर झालं होतं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपलं रूप एकमताने मंजूर केलं, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मेलं. त्या वेळी तर सत्ता विभागलेली होती. या वेळी विरोध झाला तो डेमोक्रॅट्सच्या आतूनही. आफ्रिका आणि कॅरिबियनमधून येणाऱ्यांची रांग भारतीयांमुळे लांबेल, अशी त्यांच्यातल्या काहींना भीती.

तात्या_मिशिगन | १७ डिसेंबर, सकाळी ९.२०

या लेम डकमध्ये काय काय झालं बघा. परवाच विवाहाच्या समानतेचा कायदा झाला, त्यात रिपब्लिकनांचीही मतं. खर्चाचं मोठं बिल येतंय, त्यात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची मतं मोजण्याचा १८८७ चा जुनाट कायदा दुरुस्त करायचं घाटतंय. काम होतंय. आपलं होत नाही, एवढंच.

हडसनकाठ | १७ डिसेंबर, सकाळी १०.०५

तात्या, "एवढंच"?

नंदू_डॅलस | ५ जानेवारी २०२३, रात्री ९.३०

कुणी बघतंय का? सभापतिपदाची अकरावी फेरी झाली. रिपब्लिकन नेते मॅकार्थी अजून निवडून आले नाहीत, त्यांच्याच पक्षातले वीस जण अडून बसलेत. सभापती नाही म्हणून सदस्यांचा शपथविधीसुद्धा नाही. आमच्या ठाणेदारांची शपथ अडकलीय.

पाटावरवंटा | ६ जानेवारी, सकाळी ८.०० (पुणे)

आमच्याकडून मदत हवी का? दोन बस, एक रिसॉर्ट, गुवाहाटीची तिकिटं.

घाटमाथा | ६ जानेवारी, सकाळी ७.४५

हसू नका. ही माणसं काही मागतायत. खर्चाची बिलं एकगठ्ठा नकोत, वाचायला वेळ द्या, यात चूक काय?

सांख्यिकी_शिवराम | ७ जानेवारी, सकाळी ८.५०

मध्यरात्रीनंतर, पंधराव्या फेरीत, २१६ मतांवर झाले. सहा जणांनी नुसतं "हजर" म्हटलं म्हणून बहुमताचा आकडा खाली आला. बदल्यात मॅकार्थींनी मान्य केलं की एकटा सदस्यसुद्धा सभापतीला हटवायचा ठराव आणू शकेल.

ऑक्टोबरमध्ये आपण सगळे २१९ की २४५ असं भांडत होतो. त्या दोन्ही आकड्यांना हाउस रिपब्लिकनांचंच होतं. पण २४५ असते तर हे वीस जण कोपऱ्यात बसून राहिले असते. २२२ म्हणजे सोसायटीची अशी कमिटी, जिच्यात पाच सभासद रुसले की लिफ्टची दुरुस्ती राहते.

दुपारचा_चहा | ४ जून, दुपारी १२.२०

धागा वर काढतो. सरकारी कर्जमर्यादेचं बिल काल सही होऊन कायदा झालं. हाउसमध्ये ३१४ विरुद्ध ११७. गंमत म्हणजे रिपब्लिकन सभापतीच्या बिलाला डेमोक्रॅट्सची मतं रिपब्लिकनांपेक्षा जास्त पडली, १६५ आणि १४९. जे न होऊन चालणारच नाही ते दोन्ही पक्ष मिळून शेवटच्या तासाला करतात.

घाटमाथा | ४ जून, दुपारी १.००

आणि ज्या रिपब्लिकनांनी विरोध केला ते गप्प बसणार नाहीत. जानेवारीतली अट विसरू नका.

खाडीपलीकडे | ३ ऑक्टोबर २०२३, संध्याकाळी ६.१०

घाटमाथा, तुमच्या तोंडात साखर. मॅकार्थी गेले. २१६ विरुद्ध २१०. आठ रिपब्लिकन आणि झाडून सगळे डेमोक्रॅट.

घाटमाथा | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

साखर कसली, कडू कारलं. सरकार बंद पडू नये म्हणून ४५ दिवसांची मुदत वाढवली हा त्यांचा गुन्हा. आता महिनाभर सभापती नाही, म्हणजे काहीच नाही. मला खर्च कमी हवा होता, हा तमाशा नको होता.

नंदू_डॅलस | २६ ऑक्टोबर, सकाळी ९.००

महिना नाही लागला, बावीस दिवसांत माइक जॉन्सन आले. कोण आहेत हे हाउसमधल्या निम्म्यांनाही गूगल करावं लागलं असेल.

हडसनकाठ | १० फेब्रुवारी २०२४, रात्री ९.२५

मीच काढलेला धागा, तेव्हा विचारतो. २०२३ मध्ये कायदे झाले ते पस्तीसच्या आतच, गेल्या कित्येक दशकांतला नीचांक. बहुतेक मुदतवाढ नाहीतर नामकरण. म्हणजे "ठप्प" हे माझं उत्तर बरोबर होतं ना, चहा?

या आठवड्यात सिनेटमधला सीमेचा समझोताही कोसळला. तो पूर्ण वाचला का कुणी? त्यात आपल्यासाठी चक्क काहीतरी होतं. पाच वर्षं दर वर्षी नोकरीवरची १८,००० जास्तीची ग्रीन कार्डं, एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी वाल्यांच्या) जोडीदारांना कामाचा परवाना, आणि एकविसाव्या वर्षी रांगेबाहेर पडणाऱ्या मुलांना संरक्षण. ओक्लाहोमाचे लँकफर्ड, पक्के रिपब्लिकन, चार महिने बसून बोलणी केली. ट्रम्प नको म्हणाले आणि चार दिवसांत खेळ खलास.

दुपारचा_चहा | १० फेब्रुवारी, रात्री १०.३०

संख्येने बघाल तर तुमचं बरोबर. पण समझोता टेबलावर आला तो विभागलेल्या सत्तेतच, कारण दोघांना एकमेकांची गरज होती. मेला तो यंदा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे म्हणून. मिडटर्मचा त्यात दोष नाही.

आणि कायदे सोडून नियम बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूएससीआयएसने (इमिग्रेशन खात्याने) मुलांचं वय मोजायची पद्धत बदलली, अर्ज भरायच्या तारखांचा तक्ता धरायला लागले, त्यामुळे तेव्हा बरीच मुलं वाचली. या जानेवारीत परराष्ट्र खात्याने एच-१बी चा शिक्का भारतात न जाता इथेच द्यायचा प्रयोग सुरू केला, २०,००० जणांसाठी. काँग्रेस अडली की राष्ट्राध्यक्ष खात्यांकडून करून घेतो.

सांख्यिकी_शिवराम | १० फेब्रुवारी, रात्री ११.००

आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष खात्यांकडूनच उलटवून घेतो. नियम पुसायला ६० मतं लागत नाहीत, चहा.

घाटमाथा | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

शिवरामपंत पहिल्यांदा माझ्यासारखं बोलले. कायदा हवा असेल तर कायदाच करा.

चिंचगूळ | ११ फेब्रुवारी, दुपारी ३.४५

पहिल्या दिवसापासून वाचतेय, आज विचारते. मुलगी १९ वर्षांची, एच-४ वर. आमची ईबी-२, तारीख २०१३. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर काही बदलेल या आशेवर थांबावं का, की आत्ताच काही करावं?

नंदू_डॅलस | ११ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

थांबू नका. माझ्या भाच्याचं हेच झालं. एकवीस व्हायच्या आधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बदल करून घ्या, प्रक्रियेला महिने लागतात. वकिलाला दोन गोष्टी विचारा: सध्याच्या पद्धतीने तिचं वय किती धरलं जाईल, आणि कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज जितके दिवस प्रलंबित होता तेवढे वजा होतील का.

तात्या_मिशिगन | ११ फेब्रुवारी, दुपारी ४.५५

शिवाय कॉलेजच्या फीचं बघा. एफ-१ वर गेल्यावर राज्याच्या रहिवाशाची फी लागते की परदेशी विद्यार्थ्याची, हे राज्याराज्यात आणि विद्यापीठागणिक बदलतं. तुम्ही कुठल्या राज्यात आहात?

चिंचगूळ | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.२०

नॉर्थ कॅरोलिना. वकिलाची वेळ गुरुवारची मिळालीय. विचारून इथे लिहिते.